आकिल्ले गाज्जा

आकिल्ले गाज्जा (जन्म : इ.स. १८९५, मृत्यू : इ.स. १९६१) हे इटलीतील मिलान शहरातील एक उपाहारगृह-चालक आणि संशोधक होते. कॉफीच्या यंत्रातील वाफेचा दाब काढून त्याजागी दट्ट्याचा दाब आणण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. लहानशा कपात येणारी, दाट, वर तांबूस साय धरलेली जी कॉफी आज जगभर एस्प्रेसो या नावाने ओळखली जाते, तिचे रूप त्यांच्या १९३८ व १९४७ च्या पेटंटांतून घडले. त्यांच्या आडनावाचा इटालियन उच्चार गाज्जा असा आहे. भारतात यंत्रांच्या व्यापारात तो गॅजिया किंवा गाग्गिया असाही ऐकू येतो.

एका नावाची दोन पेये

मराठी वाचकाच्या मनात एस्प्रेसो या शब्दाबरोबर बहुधा लग्नाचे सभागृह उभे राहते. ठाणे, डोंबिवली, कल्याण येथील कार्यालयांत स्वागतसमारंभाच्या वेळी एका कोपऱ्यात चकचकीत धातूचे यंत्र ठेवलेले असते. त्याच्या नळीतून सुसाट आवाज करीत वाफ सुटते. पेल्यातले दूध, साखर आणि झटपट कॉफीची पूड त्या वाफेने तापून फेसाळते आणि वर चॉकलेटची भुकटी भुरभुरली जाते. थंडीच्या मुहूर्तावर या यंत्रापुढील रांग जेवणाच्या रांगेपेक्षा लांब असते. पुष्कळ जण या पेयाला एक्स्प्रेसो म्हणतात. हे पेय चवीला वाईट नाही. पण त्यात सारे काम वाफेचे आहे, आणि गाज्जा यांनी आयुष्यभर जे केले ते नेमके याच्या उलट होते. त्यांनी कॉफीला वाफेपासून सोडवले. या दोन पेयांमधला फरक ध्यानात घेतल्याशिवाय त्यांच्या कार्याचे मोल कळत नाही, आणि घरासाठी यंत्र घेऊ पाहणाऱ्याचे पैसेही बहुधा याच घोटाळ्यात वाया जातात.

पार्श्वभूमी

वाफेच्या साहाय्याने झटपट कॉफी करणाऱ्या यंत्राचे पेटंट तुरिन येथील अँजेलो मोरिओन्दो यांनी १८८४ मध्ये घेतले. त्यांचे यंत्र एका वेळी पुष्कळ कॉफी करी. मिलानच्या लुइजी बेझेरा यांनी १९०१ मध्ये प्रत्येक गिऱ्हाइकासाठी स्वतंत्र कप करण्याची सोय शोधली. मूठ असलेल्या गाळणीत पूड भरायची, ती यंत्राच्या तोंडाला अडकवायची आणि खाली कप धरायचा, ही आजची रीत तेव्हापासूनची आहे. बेझेरा यांचे हक्क देसिदेरियो पावोनी यांनी विकत घेतले आणि १९०६ च्या मिलान प्रदर्शनात हे यंत्र लोकांपुढे आले. उंच पितळी घुमट, वर गरुड, खाली अग्नी असे हे यंत्र दिसायला देखणे होते. मात्र त्यातून उतरणारी कॉफी कडवट व करपट लागे.

या करपटपणाचे कारण भौतिकशास्त्रातले आहे आणि ते आपल्या स्वयंपाकघरातील कुकरवरून सहज समजते. झाकणबंद भांड्यात वाफेचा दाब वाढला की पाण्याचे तापमानही वाढते. कुकरची शिट्टी होते तेव्हा आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे एक वातावरण अधिक असतो आणि तापमान १२० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचलेले असते. जुन्या कॉफीयंत्रांत हा वाढीव दाब साधारण दीड वातावरण असे. एवढा अल्प दाब बारीक दळलेल्या पुडीतून पाणी नीट रेटू शकत नाही. दाब वाढवावा तर पाणी आणखी तापते आणि कॉफी आणखी करपते. म्हणजे दाब हवा असेल तर उष्णता पत्करावी लागे, आणि उष्णता टाळावी तर दाब मिळत नसे. अर्ध्या शतकात अनेक कारागिरांनी या पेचाशी झुंज घेतली. त्रिएस्त येथील फ्रान्चेस्को इल्ली यांनी १९३५ मध्ये वाफेऐवजी दाबलेली हवा वापरून पाहिली.

उपाहारगृह आणि पहिले पेटंट

गाज्जा हे अभियंता नव्हते. मिलानमध्ये व्हियाले प्रेमुदा या रस्त्यावर त्यांच्या नावाचे उपाहारगृह होते आणि कॉफी विकणे हा त्यांचा चरितार्थ होता. करपट कॉफीबद्दल गिऱ्हाइकाचे तोंड वाकडे होते ते त्यांना रोज गल्ल्यावरून दिसत असणार. त्यांच्या शोधामागची निकड प्रयोगशाळेतली नव्हती, दुकानदाराची होती, ही गोष्ट त्यांच्याविषयीच्या लेखनात बरेचदा निसटते.

गाज्जा यांच्या आधी क्रेमोनेसी नावाच्या एका तंत्रज्ञाने दट्ट्याच्या साहाय्याने कॉफी गाळण्याची एक तोटी तयार करून तिचे पेटंट घेतले होते. तो लवकरच वारला. त्याची पत्नी रोझेत्ता स्कोर्झा हिने ते हक्क विकण्याची खटपट केली आणि अखेर ते गाज्जा यांनी विकत घेतले. त्यानंतर ५ सप्टेंबर १९३८ रोजी गाज्जा यांनी स्वतःच्या नावाने पेटंटसाठी अर्ज केला. लाम्पो, म्हणजे वीज, असे या रचनेचे नाव होते. स्क्रूसारख्या आट्यांवर फिरणारा दट्ट्या हाताने पिळत खाली नेला की गरम पाणी पुडीतून दाबले जाई. हा भाग जुन्या यंत्रांनाही बसवता येई. १९३९ च्या मिलान जत्रेत गाज्जा यांनी तो मांडला.

या प्रकरणात श्रेय कोणाचे, हा प्रश्न कॉफीच्या इतिहासकारांनी विचारला आहे आणि तो रास्त आहे. दट्ट्याची मूळ कल्पना मृत कारागिराची आणि जगभर गाजलेले नाव मात्र खरेदीदाराचे, असे म्हणता येते. दुसऱ्या बाजूने पाहिले तर ती तोटी घेण्यास इतर कोणी उत्सुक नव्हते. तिच्यातील मर्म ओळखणे, ती सुधारणे आणि पुढे दहा वर्षे तिचा पिच्छा न सोडणे हे गाज्जा यांचेच काम होते. रोझेत्ता स्कोर्झा यांचे नाव मात्र यंत्रांच्या जाहिरातींत कधी आले नाही.

युद्ध आणि तरफ

दुसऱ्या महायुद्धात इटलीत कॉफीची टंचाई झाली आणि मिलान शहराने बाँबहल्ले सोसले. त्या काळात यंत्राचे काम पुढे सरकणे शक्य नव्हते. युद्ध संपल्यावर गाज्जा पुन्हा त्याच प्रश्नाकडे वळले. आट्यांचा दट्ट्या पिळणे कष्टाचे होते आणि दर कपाला लागणारा जोर वेगवेगळा पडे. १९४७ मध्ये त्यांनी ज्या रचनेचे पेटंट घेतले तिच्यात आट्यांची जागा स्प्रिंगने घेतली.

या यंत्राचे कार्य असे चालते : कॉफी करणारा माणूस लांब तरफ खाली ओढतो. त्यामुळे नळकांड्यातील दट्ट्या वर जातो, त्याच्यावरची दणकट स्प्रिंग आवळली जाते आणि दट्ट्याखालच्या मोकळ्या जागेत बॉयलरमधील पाणी शिरते. पुडीचा थर क्षणभर भिजतो. मग तरफ सोडली की स्प्रिंग दट्ट्याला खाली रेटते आणि पाणी पुडीतून कपात उतरते. हा दाब ८ ते १० वातावरण, म्हणजे जुन्या यंत्रांच्या पाच-सहा पट असतो. स्प्रिंग सैल होत जाते तसा तो हळूहळू उतरतो. बॉयलरमधून निघालेले पाणी नळकांड्याच्या जाड धातूला स्पर्श करताना थोडे निवते, त्यामुळे कॉफी करपत नाही. दाबासाठी उष्णता पत्करण्याची सक्ती संपली. तरफ ओढणे मात्र अंगमेहनतीचे होते. अर्धवट ओढलेली तरफ हातातून निसटली तर ती वेगाने वर उसळून हनुवटी फोडी, म्हणून तिच्यासमोर तोंड नेऊ नये हा कॉफीवाल्यांचा पहिला धडा असे.

अमेरिकन सैन्याच्या जीपचे इंजिन पाहून गाज्जा यांना दट्ट्याची कल्पना सुचली, अशी एक आख्यायिका सांगितली जाते. गोष्ट रंगतदार आहे. परंतु दट्ट्याचे त्यांचे पहिले पेटंट जीप इटलीत येण्याच्या कित्येक वर्षे आधीचे असल्याने ती जशीच्या तशी स्वीकारता येत नाही.

साय

नळकांड्यात जेवढे पाणी मावे तेवढीच कॉफी निघे, सुमारे ३० मिलिलिटर. एस्प्रेसोचा कप लहान का, याचे उत्तर अभिरुचीत शोधण्यापेक्षा त्या नळकांड्याच्या मापात शोधणे योग्य ठरेल. दाबामुळे पुडीतील तेलाचे सूक्ष्म कण आणि भाजताना बियांत अडकलेला कर्बद्विप्राणिद वायू द्रवात मिसळून वर एक तांबूस थर येऊ लागला. गिऱ्हाइकांना तो मळीसारखा वाटला. गाज्जा यांनी त्याला साय म्हटले. इटालियन भाषेतील क्रेमा या शब्दाचा अर्थ साय असाच आहे. कॉफीतून आपोआप येणारी साय अशी त्यांनी पाटीवर जाहिरात केली आणि ज्याला लोक दोष समजत होते तो गुणवत्तेची खूण ठरला. दुकानदाराची हुशारी इथे दिसते.

उत्पादन आणि प्रसार

यंत्रे बनवण्यासाठी गाज्जा यांच्यापाशी कारखाना नव्हता. एर्नेस्तो व्हालेन्ते यांच्या फाएमा या कारखान्याने आरंभीचे उत्पादन केले आणि १९४८ पासून क्लासिका हे यंत्र उपाहारगृहांत दिसू लागले. ही भागीदारी टिकली नाही. गाज्जा आपल्या स्प्रिंगवर ठाम राहिले आणि व्हालेन्ते यांना सोप्या, स्वस्त यंत्राची ओढ होती. पुढे १९६१ मध्ये फाएमाने ई-६१ हे यंत्र आणले. त्यात तरफेऐवजी विजेवर चालणारा पंप होता. त्या वर्षी इटलीतून खग्रास सूर्यग्रहण दिसले होते आणि यंत्राच्या नावातील ई हे अक्षर ग्रहणाच्या इटालियन शब्दावरून घेतलेले आहे. आज उपाहारगृहांतील बहुसंख्य यंत्रे या पंपाच्या घराण्यातील आहेत. ९ वातावरणाच्या आसपासचा दाब मात्र गाज्जा यांच्या स्प्रिंगकडून आलेला वारसा आहे.

इटलीबाहेरही हे यंत्र वेगाने पोहोचले. लंडनच्या सोहो भागात फ्रिथ स्ट्रीटवर १९५३ मध्ये मोका बार सुरू झाला, त्याचे उद्घाटन अभिनेत्री जिना लोलोब्रिजिदा यांच्या हस्ते झाले आणि तेथे गाज्जांचे यंत्र होते. मद्य न पिणाऱ्या तरुणांना संध्याकाळी बसायला जागा मिळाली आणि अशा उपाहारगृहांची लाट आली.

गाज्जा यांचे १९६१ मध्ये, म्हणजे ई-६१ आले त्याच वर्षी निधन झाले. त्यांच्या नावाचा उद्योग पुढे चालू राहिला. १९९९ मध्ये तो साएको या इटालियन कंपनीकडे आणि २००९ मध्ये तिच्यासह फिलिप्सकडे गेला.

घरगुती यंत्र

उपाहारगृहातील कॉफी घरी करता यावी म्हणून गाज्जांच्या कारखान्याने १९५२ मध्ये जिल्दा हे छोटे यंत्र काढले. रिटा हेवर्थ यांच्या १९४६ मधील गाजलेल्या चित्रपटावरून हे नाव घेतले गेले असे सांगतात. त्याला बुचकाढणीसारखे दोन बाहू होते आणि दाब वापरणाऱ्याच्या हातांनीच द्यावा लागे. त्या काळातील इटालियन घरात मात्र राज्य होते ते अल्फोन्सो बियालेत्ती यांच्या मोका भांड्याचे. १९३३ मध्ये निघालेले हे अॅल्युमिनियमचे अष्टकोनी भांडे शेगडीवर ठेवले की काम होई. त्यात दाब वाफेचाच आणि अल्प असल्याने खरी एस्प्रेसो होत नाही, पण कडक, दाट कॉफी होते आणि किंमत किरकोळ.

गाज्जा यांच्या पश्चात त्यांच्या नावाने १९७७ मध्ये बेबी आणि १९९१ मध्ये क्लासिक ही पंपाची घरगुती यंत्रे आली. क्लासिकमध्ये गाळणीचा व्यास उपाहारगृहातील यंत्राप्रमाणे ५८ मिलिमीटर आहे आणि सुटे भाग खोलून दुरुस्त करता येतात, म्हणून माफक खर्चात घरी एस्प्रेसो करू पाहणाऱ्यांत ते अजून टिकून आहे.

अशा यंत्रांच्या खोक्यावर १५ किंवा २० बार असा आकडा ठळकपणे छापलेला असतो. (एक बार म्हणजे जवळपास एक वातावरण.) हा आकडा पंपाची कमाल शक्ती सांगतो. कॉफीला त्यातले ९ च पुरतात. इटालियन एस्प्रेसोच्या राष्ट्रीय संस्थेने ठरवलेले प्रमाणही गाज्जांच्या स्प्रिंगशी जुळणारे आहे : ७ ग्रॅम पूड, सुमारे ८८ अंश तापमानाचे पाणी, ९ बार दाब, २५ सेकंद आणि कपात २५ मिलिलिटर. मोठा आकडा पाहून यंत्र निवडण्यात अर्थ नाही.

खरी मेख दळणात आहे. ९ बारचा दाब निर्माण होतो तो पुडीने पाण्याला अडवले तरच. पूड भरड असेल तर पाणी पाच-सात सेकंदांत धावून जाते आणि कॉफी आंबट, पाणचट होते. पूड फारच बारीक असेल तर पाणी थेंबथेंब उतरते आणि कडू होते. पुडीचे कण एकसारखे असावे लागतात. प्रत्येक मराठी घरात असलेला मिक्सर इथे उपयोगी पडत नाही, कारण त्याचे पाते बिया कापत नाही, झोडपते. काही कणांचे पीठ होते, काही रवाळ राहतात आणि पाणी रवाळ भागातून वाट काढते. कॉफीच्या ग्राइंडरमध्ये दातेरी कड्यांची जोडी असते आणि बी त्यांच्यामधील फटीतून जाते. आपले जाते याच तत्त्वावर चालते. जात्याच्या दोन दगडांमधले अंतर आजीला घास घालण्याच्या अंदाजाने सांभाळावे लागे. ग्राइंडरमध्ये ते खुणेच्या चकतीने अगदी केसभर बदलता येते, आणि एस्प्रेसोसाठी ते तसे बदलता येणे अत्यावश्यक असते. म्हणून ठरावीक रकमेत यंत्र आणि ग्राइंडर दोन्ही बसवायचे असतील तर हात आखडता घ्यायचा तो यंत्राबाबत, ग्राइंडरबाबत नाही. पोलादी दात्यांचा हाताने फिरवण्याचा चांगला ग्राइंडर त्याच दर्जाच्या विजेच्या ग्राइंडरपेक्षा बराच स्वस्त पडतो. दोन कपांची पूड दळायला मनगटाचे एखाद-दोन मिनिटांचे काम असते.

ग्राइंडर नसलेल्यांसाठी कारखानदारांनी एक पळवाट काढली आहे. काही स्वस्त यंत्रांच्या गाळणीला दुहेरी तळ असतो आणि त्याला एकच सूक्ष्म छिद्र असते. दाब त्या छिद्रामुळे तयार होतो, पूड कशीही असली तरी फेस येतो. तो फेस दिसतो गाज्जांच्या सायीसारखा, पण कॉफीच्या दळणाशी वा ताजेपणाशी त्याचा फारसा संबंध नसतो. नवख्याने यापासून आरंभ करण्यास हरकत नाही. मात्र एकेरी तळाची गाळणी त्या यंत्रात पुढे बसते का, हे खरेदीच्या वेळीच विचारून घ्यावे.

ठाणे-डोंबिवलीच्या घरातून

मुंबईत चर्चगेट येथे १९३६ मध्ये इंडिया कॉफी हाउस सुरू झाले आणि १९९६ पासून कॅफे कॉफी डेमुळे पंपाची एस्प्रेसो भारतातील शहरांत रुळली. ठाणे व कल्याण-डोंबिवलीच्या मराठी घरांत कॉफी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या दुधात उकळून जायफळ घातलेली, कोणी आजारी असताना किंवा रात्रीच्या जागरणाला होणारी. शेजारच्या दाक्षिणात्य घरांमधून पितळी वा स्टीलचा फिल्टर आणि चिकोरीमिश्रित पूड परिचयाची झाली. ही पूड एस्प्रेसो यंत्रात घालू नये. दुकानदाराकडून दळून आणलेली शुद्ध कॉफीही पुरेशी ठरत नाही, कारण दळल्यावर तिचा वास व वायू झपाट्याने उडतात, आणि दळण कमीअधिक करणे घरी शक्य राहत नाही. ग्राइंडर घेणे जमत नसेल, तर फिल्टर किंवा मोका भांडे हे अपुऱ्या यंत्रापेक्षा अधिक समाधान देतात.

या परिसरात आणखी दोन-तीन गोष्टी पाहाव्या लागतात. घरगुती यंत्र साधारण १,३०० ते १,४५० वॅट वीज घेते. २३० व्होल्टला ६ अँपिअरच्या साध्या सॉकेटची मर्यादा १,३८० वॅटच्या आसपास येते, म्हणून ओट्यावर १६ अँपिअरचे सॉकेट असावे. कल्याण-डोंबिवलीला उल्हास नदीचे पाणी येते. नळाचे हे पाणी कूपनलिकेच्या पाण्याच्या मानाने सौम्य असते. उन्हाळ्यात टँकरवर किंवा कूपनलिकेवर अवलंबून असलेल्या संकुलांत मात्र बॉयलरमध्ये क्षार लवकर साचतात आणि माहितीपत्रकात सांगितल्याप्रमाणे ते वेळोवेळी काढावे लागतात. पावसाळ्यात हवा दमट झाली की कालपर्यंत बरोबर असलेले दळण बिघडते; फट एखादी खूण सरकवून पुन्हा सेकंद मोजावे लागतात. बिया हवाबंद डब्यात, पंधरवड्यात संपतील इतक्याच आणाव्यात.

विजेचा पंप नसलेली, हाताने तरफ दाबण्याची छोटी यंत्रेही आता बाजारात मिळतात. त्यांत पाणी किटलीत तापवून ओतायचे असते आणि दोन्ही हातांनी तरफ खाली रेटायची असते. रचनेच्या दृष्टीने ती १९५२ च्या जिल्दाची वंशज आहेत. पंपाच्या यंत्रापेक्षा ती सहसा स्वस्त असतात, त्यांत बिघडण्यासारखे फारसे काही नसते, आणि पाणी गॅसवर तापवले तर वीज गेलेली असतानाही त्यांच्यावर कॉफी होते.